न्यायशास्त्राचा तास

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

संयोजकांनी मला ‘कायदा आणि चळवळ’ असा विषय दिला होता. त्यावर अधिकाराने बोलू शकतील असे वकील या सभागृहातच बसलेले आहेत; कुळांच्या आणि कंत्राटी कामगारांच्या खटल्यांत त्यांची उमर गेली आहे. म्हणून मी विषय थोडा बदलून मागितला. विद्यापीठाच्या एल्‌एल.बी.च्या अभ्यासक्रमात ‘ज्युरिस्प्रूडन्स’ नावाचा एक विषय असतो. मराठीत त्याला न्यायशास्त्र म्हणतात, विधिशास्त्रही म्हणतात. (आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी केवळ नावावरून ऑस्टिनचे पुस्तक गौतमाच्या न्यायसूत्रांशेजारी लावून ठेवले होते, आणि ते तेथे बरीच वर्षे सुखाने नांदले.) कायद्याच्या इतर सर्व विषयांत कायदा काय सांगतो हे शिकायचे असते. या एकाच विषयात कायदा म्हणजे मुळात काय, तो बंधनकारक का असतो, अन्यायी कायदा हा कायदा राहतो काय, असे प्रश्न विचारायचे असतात. आपल्या शिबिरांतून हा विषय सहसा येत नाही. तो आला पाहिजे असे मला का वाटते, तेवढेच आज सांगणार आहे.

प्रथम हा विषय शिकवला कसा जातो ते पाहा. मी १९७४ साली विधी महाविद्यालयात दाखल झालो. वर्ग सकाळी सातला भरत आणि नऊला संपत, कारण विद्यार्थी नोकरदार आणि अध्यापक कोर्टात जाणारे. न्यायशास्त्राचे अध्यापक टिपणे सांगत व आम्ही ती उतरवून घेत असू. ऑस्टिनची व्याख्या, तिचे घटक, तिच्यावरील सहा आक्षेप. सॅव्हिनीची व्याख्या, तिच्यावरील पाच आक्षेप. परीक्षेला आक्षेप सहाच्या जागी पाच लिहिले तर एक गुण जाई. आक्षेप खरा आहे की खोटा, हे विचारण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती. वर्गात एक वाक्य नेहमी कानी पडे : ‘कोर्टात ऑस्टिन कोण विचारतो?’ बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनीही हा विषय सक्तीचा ठेवला आहे. पण सक्तीने विषय टिकतो, प्रश्न टिकतोच असे नाही. आजच्या विद्यार्थ्यांशी बोलतो तेव्हा वहीऐवजी छापील मार्गदर्शक आले एवढाच फरक मला पुष्कळ ठिकाणी दिसतो.

ज्याच्या नावाने हे सारे घडते त्या जॉन ऑस्टिनची कहाणी मोठी करुण आहे. १८२८ साली लंडन विद्यापीठात त्याची व्याख्याने सुरू झाली. जॉन स्टुअर्ट मिल त्याच्या श्रोत्यांत होता. पण श्रोते घटत गेले आणि काही वर्षांतच त्याला अध्यापन सोडावे लागले. १८५९ साली तो वारला, आणि राहिलेली व्याख्याने त्याच्या पत्नीने, सारा ऑस्टिन यांनी, परिश्रमपूर्वक प्रसिद्ध केली. ज्याला लंडनमध्ये वर्गभर विद्यार्थी मिळाले नाहीत, त्याला हिंदुस्थानात शंभर वर्षे सक्तीचे विद्यार्थी मिळाले! त्याचे कारणही उघड आहे. कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा, आणि आज्ञा मोडली तर शिक्षा, ही व्याख्या परक्या राज्यकर्त्याला सोयीची होती. ऑस्टिन स्वतः सुधारक परंपरेतला, बेन्थॅमचा शिष्य, हे मात्र आमच्या टिपणांत नव्हते.

या व्याख्येत काय उणे आहे, हे हर्बर्ट हार्ट या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने १९६१ च्या आपल्या ग्रंथात एका दरोडेखोराच्या उदाहरणाने दाखवले. दरोडेखोर छातीला पिस्तूल लावून पैसे मागतो. मी ते देतो. मला ते देणे भाग पडते. पण पैसे देणे हे माझे कर्तव्य होते असे कोणी म्हणेल काय? ‘भाग पडणे’ आणि ‘कर्तव्य असणे’ यांतील हे अंतर ऑस्टिनच्या व्याख्येत मावत नाही. ते मावत नसेल तर राज्य आणि मोठी दरोडेखोर टोळी यांत फरक कोणता, असा प्रश्न उरतो. वर्गात हे उदाहरण ऐकून आम्ही हसलो होतो.

ते हसू १९७६ च्या एप्रिलमध्ये मावळले. माझे थोरले मामा तेव्हा ‘मिसा’खाली स्थानबद्ध होते. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने, घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क बजावण्यासाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद झाली होती. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्याजोगे आहेत असे ठरवले. बंगलोरच्या तुरुंगातून मधु दंडवते आदींनी केलेले अर्ज त्यांतलेच. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी रे, बेग, चंद्रचूड आणि भगवती या चार न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. एकटे हंसराज खन्ना विरोधात राहिले.

भांडण नेमके कशावरून होते, ते नीट समजून घेतले पाहिजे. बहुमताचा आशय असा की, जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदात आहे आणि तेथेच आहे. तो अनुच्छेद बजावण्याची वाट स्थगित झाली की न्यायालयापुढे मागण्यासारखे काही शिल्लक उरत नाही. उलट खन्नांचे म्हणणे असे की, २१ वा अनुच्छेद हे त्या हक्काचे एकमेव घर नव्हे. तो अनुच्छेद नसता तरीही, कायद्याच्या आधारावाचून कोणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्याला मिळाला नसता. पोलिसाने वैयक्तिक वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तरी दाद नाही काय, असे खन्नांनी सुनावणीत विचारले तेव्हा महान्यायवादी निरेन डे यांनी, जोवर आणीबाणी आहे तोवर नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले.

मित्रहो, हक्क लिहिल्यामुळे जन्माला येतो की लिहिण्यापूर्वीही असतो? सकाळी सातच्या वर्गात जांभया देत उतरवून घेतलेला हाच तो प्रश्न होता. त्याच्या उत्तरावर हजारो माणसांचे तुरुंगातून सुटणे अवलंबून होते. माझी आई मला विचारी, ‘तू कायदा शिकतोस ना, मग दादा कधी सुटेल ते सांग.’ त्या उन्हाळ्यातील परीक्षेत न्यायशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत ऑस्टिनच्या सिद्धान्ताचे परीक्षण करा असा प्रश्न होता. मी सहा आक्षेप लिहिले. निकालाचा उल्लेख केला नाही. अध्यापकांनीही वर्गात तो केला नाही. मी भ्यालो होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

येथे कोणी म्हणेल की त्या चौघांचा निकाल सिद्धान्तातून आला नाही, भीतीतून किंवा बढतीच्या आशेतून आला. खन्नांना किंमत मोजावी लागली हे तर सर्वांना ठाऊक आहे. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला. माणसांची मने मला वाचता येत नाहीत. परंतु भीती असली तरी तिला अंगावर घालायला प्रतिष्ठित वस्त्र लागते, आणि ते सिद्धान्त पुरवतो. निकालपत्रात कोणी ‘मला भय वाटते’ असे लिहीत नाही. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने २० आणि २१ या अनुच्छेदांना स्थगितीपासून संरक्षण दिले. २०११ साली भगवतींनी आपल्या निकालाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्दबातल ठरवला. ते मुख्य निकालपत्र चंद्रचूडांच्याच चिरंजीवांनी लिहिले. दरम्यान ४१ वर्षे लोटली होती. आमचे मामा ते पाहायला नव्हते.

यावरून ‘लिहिलेला कायदा वाईट, वरचा नैसर्गिक न्याय चांगला’ असा धडा कोणी घेईल. तो घेण्यापूर्वी थोडे थांबावे. ‘मनुष्याच्या कायद्याहून श्रेष्ठ असा एक कायदा आहे’ हे वाक्य आपल्या देशात युगानुयुगे कोणी कोणाला ऐकवले? ते स्मृतींच्या आणि रूढीच्या नावाने ऐकवले गेले. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या रायगडमधले आहे.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याचा खटला फारसा कोणी वाचत नाही. १९२३ साली बोले यांचा ठराव कायदेमंडळात संमत झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले असल्याचा ठराव केला, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी पाणी प्याले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह व्हायचा होता. तेव्हा महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो लोक जमलेले असताना बाबासाहेबांनी तो हुकूम मानला आणि सत्याग्रह पुढे ढकलला. त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. एका हाताने कोर्टाचा हुकूम पाळणे आणि दुसऱ्या हाताने धर्मशास्त्र जाळणे, यांत विसंगती पाहणाऱ्याने न्यायशास्त्राचा तास बुडवलेला असला पाहिजे. बदलता येणारा कायदा आणि बदलता न येणारा कायदा, असा तो भेद होता.

वादींचे म्हणणे असे होते की तळे सवर्णांसाठी राखीव असणे ही पुरातन रूढी आहे. आता रूढी हा कायद्याचा एक उगम आहे, आणि रूढीला कायद्याचे बळ यायचे तर ती अनादि, अखंड, निश्चित आणि वाजवी असली पाहिजे, हे न्यायशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. हेच रूक्ष प्रकरण येथे कामाला आले. वादी खालच्या न्यायालयांत हरले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयातही हरले. रूढी अनादि असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही. भोवती सवर्णांची घरे उभी राहण्यापूर्वी ते तळे राखून ठेवण्याचा प्रयत्न कोणी केला असेल हे शंकास्पद आहे, असे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी म्हटले. गांधीजींना १९२२ साली शिक्षा सुनावणारे ते हेच न्यायाधीश.

दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, त्या दिवशी या खटल्यातील मुख्य प्रतिवादी मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि न्यायशास्त्राच्या पेरी अध्यासनाचे प्राध्यापक होते. जो विषय ते शिकवीत होते त्याच्यातल्याच एका प्रकरणाच्या बळावर त्यांच्या माणसांना पाणी मिळाले. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. रूढी अनादि असल्याचे सिद्ध झाले असते तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय याचा विचार कदाचित करावा लागला असता, असे म्हणून न्यायालयाने तो प्रश्न सोडून दिला. म्हणजे पुरावा थोडा बळकट असता तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही. माणसाला पाणी नाकारणारी रूढी कितीही जुनी असली तरी कायदा होऊ शकत नाही, हे त्या निकालाने म्हटले नाही. ते म्हणण्यासाठी घटनेचा १७ वा अनुच्छेद लिहावा लागला. वरच्या न्यायावर विसंबून न राहता न्याय कागदावर उतरवून घेण्याचा बाबासाहेबांचा आग्रह कोठून आला असावा, याचा तर्क आपण करू शकतो.

म्हणून ऑस्टिन खोटा आणि खन्ना खरे इतके हे सोपे नाही. जर्मनीत गुस्टाव्ह राडब्रुख नावाचा एक मोठा विधिचिंतक होऊन गेला. तो समाजवादी लोकशाही पक्षाचा, वायमार प्रजासत्ताकात कायदामंत्री. १९३३ साली नाझींनी त्याला प्राध्यापकपदावरून काढले. युद्धानंतर १९४६ साली त्याने लिहिले की, लिखित कायदा आणि न्याय यांतील विसंगती असह्य पातळीला पोचते तेव्हा कायद्याने माघार घ्यावी, आणि जेथे समानतेचा मुद्दामच बळी दिला जातो तेथे तो कायदाच नव्हे. हार्टने त्याला उत्तर दिले की, हा कायदा आहे पण इतका दुष्ट आहे की तो पाळता कामा नये, असे सरळ म्हणणे अधिक प्रामाणिक आहे. मला स्वतःला या वादात हार्टचे बोलणे अधिक स्वच्छ वाटते आणि राडब्रुखचे अधिक उपयोगी. न्यायाधीशाला राडब्रुख हवा, सत्याग्रहीला हार्ट.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या अभ्यासवर्गांत कायद्याविषयी दोन वाक्ये तयार असतात. मोर्चाच्या दिवशी आपण म्हणतो की कायदा हे सत्ताधारी वर्गाचे हत्यार आहे. दुसऱ्या दिवशी अटक झाली की आपण म्हणतो, हे बेकायदेशीर आहे! दोन्ही वाक्ये एकाच माणसाने बोलावीत यात लाजण्यासारखे काही नाही, पण त्यांची सांगड घातली पाहिजे. इंग्लंडचा मार्क्सवादी इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन याने ती घालण्याचा प्रयत्न केला. १७२३ च्या एका क्रूर कायद्याचा त्याने अभ्यास केला. जंगलात तोंडाला काळे फासून हरणांची शिकार करणाऱ्यांना त्या कायद्याने फाशीची तरतूद केली होती. जमीनदारांनी कायदा कसा वाकवला हे पानोपानी दाखवून झाल्यावर, १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाच्या अखेरीस त्याने जे म्हटले ते त्याच्या अनेक सोबत्यांना रुचले नाही. त्याचा आशय असा की, कायदा न्याय्य दिसल्यावाचून राज्यकर्त्यांच्या उपयोगी पडत नाही, आणि न्याय्य दिसायचे तर अधूनमधून त्याला खरोखर न्याय्य असावे लागते; तेथेच राज्यकर्त्यांचे हात बांधले जातात. उलट बाजूला सोव्हिएत विधिपंडित पाशुकानिस पाहा. समाजवादात कायदा हळूहळू विरून जाईल असे त्याने १९२४ साली मांडले. १९३७ साली त्यालाच गोळी घालण्यात आली. कायदा विरून जायच्या आत त्या माणसाला त्याची फार गरज होती.

आणखी एक उदाहरण देऊन विद्यापीठाकडे परत येतो. १९७२ च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला झाला. (तिचे नाव पुस्तकांतून छापले जाते, मी ते घेत नाही.) सत्र न्यायालयाने दोन पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, यास बरेच महत्त्व दिले गेले. नागपूरच्या न्यायाधीशांनी एक भेद केला होता : भयाने शरण जाणे वेगळे, संमती देणे वेगळे. दिल्लीत तो भेद हरवला. हार्टच्या दरोडेखोराची आठवण झाली ना? तेथेही माणसाने पैसे दिलेच होते.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या दिल्ली व पुणे विद्यापीठांतील चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून नेमका हाच भेद पुढे ठेवला. त्यावरून देशभर स्त्रियांच्या संघटना उठल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला : पोलिसांच्या ताब्यात असलेल्या स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने ती नव्हती असे गृहीत धरावे. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितांच्या जागी नव्या आल्या आणि कलमांचे क्रमांक बदलले. वकिलांची त्याने बरीच तारांबळ उडाली. भेद मात्र तोच आहे, आणि तो ज्यांनी लावून धरला ते कायद्याचे शिक्षक होते.

म्हणून माझी मागणी लहान आहे. आपल्यापैकी जे तरुण कायदा शिकत आहेत त्यांनी हा विषय सुटण्यापुरता वाचू नये. मराठीत या विषयावर शिकवता येईल असे, आजचे, आपल्याच खटल्यांची उदाहरणे घेणारे पाठ्यपुस्तक कोणीतरी लिहावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे गेल्या काही वर्षांत राष्ट्रीय विधी विद्यापीठे उभी राहिली. तेथे हा विषय इंग्रजीतून शिकवला जातो, आणि तेथील शुल्क शेतमजुराच्या मुलाने ऐकूनच परत फिरावे असे असते. मराठीला शब्द अपुरे आहेत असे मला सांगू नका. इंग्रजांना ‘लॉ’ एकच. आपल्याकडे कायदा आहे, विधी आहे, न्याय आहे, धर्म आहे, आणि त्यांची आपसांत भांडणेही आहेत.

तोवर आम्ही तालुक्याला महिन्यातून एकदा पंधरावीस माणसे बसतो. मागच्या बैठकीला एका वस्तीतल्या बाई अतिक्रमणाची नोटीस घेऊन आल्या होत्या. ‘सही आहे, शिक्का आहे, मग हा कायदाच ना?’ असे त्यांनी विचारले. मी त्यांना मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्याचा १९८५ चा निकाल सांगितला. जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असे तेथे ठरले, आणि ते लिहिणारे न्यायमूर्ती १९७६ चेच चंद्रचूड होते. बाई खूश झाल्या. मग त्यांनी विचारले, ‘त्या लोकांची घरे राहिली का?’ मला सांगावे लागले की न्यायालयाने पाऊसकाळ संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, मुदत दिली आणि नंतर हटवायला मोकळीक दिली. बाई म्हणाल्या, ‘हक्क आहे म्हणाले आणि जा म्हणाले. मग हक्क म्हणजे काय?’

पुढील बैठक याच प्रश्नावर आहे. त्या निकालाची मराठी टिपणे मी केली आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी जेवणाच्या सुटीत संयोजकांकडे नावे द्यावीत.